चांगली भाषा आणि चालती भाषा



दरवर्षी जून महिना आला की शाळेच्या दारात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, मुलाला कॉम्प्युटरची कोणती भाषा शिकवू? पायथन लावू का जावा?" विचारणाऱ्याच्या हातात अमीरपेठेतल्या एखाद्या क्लासचे पत्रक असते. फी भरायची शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली असते. प्रश्न घाईचा असला तरी त्याचे उत्तर घाईत देता येत नाही. म्हणून या अंकात आपण तो सावकाश सोडवू. एखादी संगणकभाषा चांगली आहे असे कधी म्हणायचे? आणि ती यशस्वी का होते? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की पालकांचे पैसे आणि मुलांचे वर्ष, दोन्ही वाया जाण्याची भीती असते.

बाजारातला धडा

सुरुवात आपल्या सुलतान बाजारातूनच करू. एखाद्या कापडाच्या दुकानात पाच मिनिटे नुसते उभे राहा. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलतो, दुसऱ्याशी दखनीत, तिसऱ्याशी मराठीत. गल्ल्यावरच्या भावाशी मारवाडीत बोलतो आणि बिल मात्र इंग्रजीत फाडतो. या पाचांपैकी श्रेष्ठ भाषा कोणती, असे त्याला विचारले तर तो हसेल. त्याच्या दृष्टीने समोरच्याला जी कळते आणि जिच्यात सौदा चुकत नाही ती भाषा चांगली.

संगणकाच्या भाषेचेही असेच आहे, पण एक फरक आहे. दुकानात शब्द चुकला तर गिऱ्हाईक सांभाळून घेते. संगणक सांभाळून घेत नाही. त्याच्या आत विजेच्या दोनच खुणा चालतात, शून्य आणि एक. आपण लिहिलेला प्रोग्रॅम त्या खुणांमध्ये उतरवणारा एक दुभाषा मध्ये लागतो. काही भाषांमध्ये हा दुभाषा सगळा मजकूर आधीच एकदम उतरवून ठेवतो. त्याला कंपायलर म्हणतात. काहींमध्ये काम चालू असतानाच तो उतरवत जातो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. म्हणजे संगणकभाषेला दोन वाचक असतात, एक यंत्र आणि दुसरा माणूस. यंत्र मजकूर एकदाच वाचून मोकळे होते. माणसाला मात्र तो पुढे कितीतरी वर्षे पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, कारण त्यातल्या चुका त्यालाच शोधायच्या असतात.

चांगली म्हणजे कशी?

पहिली कसोटी वाचनाची. किंमत आणि कर यांची बेरीज करायची आहे असे समजा. कोबोल भाषेत ती आज्ञा अशी लिहितात: "ॲड टॅक्स टू प्राइस गिव्हिंग टोटल". सी भाषेत तेच असे: "टोटल = प्राइस + टॅक्स". कोबोल १९५९-६० साली तयार झाली, तेव्हा व्यापारी कचेरीतल्या माणसालाही प्रोग्रॅम वाचता यावा असा तिच्या कर्त्यांचा हेतू होता. ग्रेस हॉपर या विदुषींनी आधी केलेल्या कामाचा तिला मोठा आधार होता. पण शब्द वाढवले की समज वाढतेच असे नाही. बेरजेची खूण आपल्याला दुसरीपासून येते. तिथे खूणच जास्त सोपी, आणि पुढच्या बहुतेक भाषांनी खूणच स्वीकारली. यावरून वाचनीय भाषा म्हणजे लांबलचक भाषा नव्हे, हे लक्षात ठेवा. वाचणाऱ्याला आधीपासून जे येते त्याला ती धरून असावी.

दुसरी कसोटी कामाची. हा प्रयोग शाळेच्या संगणकावर जरूर करा. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगा. उत्तर ०.३ येईल असे वाटते ना? पडद्यावर येते ०.३०००००००००००००००४. मुले म्हणतात, "सर, मशीन बिघडले!" मशीन बिघडलेले नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक भागिले तीन हे ०.३३३ असे न संपणारे येते की नाही? तसेच द्विमान पद्धतीत एक भागिले दहा हे न संपणारे येते. संगणकाकडे जागा मोजकी, म्हणून तो कुठेतरी तोडतो आणि तेवढी बारीक चूक राहून जाते. हा एकट्या पायथनचा दोष नाही. सी, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांचे नेहमीचे अपूर्णांकही असेच चालतात.

पूल बांधणाऱ्या अभियंत्याला एवढ्या बारीक चुकीने काही होत नाही. पण बँकेत लाखो खात्यांवर रोज व्याज धरायचे असेल तर पैशाचा हिशोब पैशाला जुळलाच पाहिजे. कोबोलमध्ये दशांशाचे आकडे दशांशातच सांभाळण्याची सोय पहिल्यापासून होती. जुनाट म्हणून हिणवलेली ही भाषा जगातल्या अनेक बँका आणि विमा कंपन्यांमध्ये अजून चालते, त्यामागे हे एक कारण आहे. आता पायथन आणि जावामध्येही त्यासाठी वेगळी सोय आहे. आणि ती ठाऊक नसली तरी एक साधी युक्ती आहे. रुपयांऐवजी पैशांत मोजा. १० पैसे अधिक २० पैसे म्हणजे बरोबर ३० पैसे. इथे भाषेइतकेच डोकेही कामाला येते.

तिसरी कसोटी चुकीपासून सांभाळण्याची. समजा, एका रांगेत १० डबे आहेत आणि प्रोग्रॅम अकराव्या डब्यात काहीतरी ठेवायला निघाला. जावा किंवा पायथन तिथेच थांबवते आणि सांगते की असा डबाच नाही. सी भाषा थांबवत नाही. ती शेजारच्या जागेत, मग ती कोणाची का असेना, वस्तू ठेवून मोकळी होते. सी अशी का? कारण तपासणीला वेळ लागतो आणि सीचे सगळे लक्ष वेगावर होते. त्याची किंमत जगाने मोजली. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या 'मॉरिस वर्म'ने ज्या वाटांनी संगणकांत प्रवेश केला, त्यांतली एक वाट हीच होती, ठरलेल्या जागेपलीकडे भरलेला मजकूर. पुढे रस्ट नावाची भाषा निघाली. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ साली आली. वेग सीसारखाच ठेवायचा, पण अशा चुका आधीच पकडायच्या, हा तिचा प्रयत्न आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात सीच्या जोडीला रस्टलाही जागा मिळाली.

सारांश असा की, वाचायला सोपी, कामाला योग्य आणि चुकीपासून सांभाळणारी भाषा चांगली. मात्र तिन्ही गुण पूर्ण भरलेली भाषा अजून झालेली नाही. एक वाढवायला गेले की दुसरे थोडे कमी होते.

यशस्वी कशी होते?

आता दुसरा प्रश्न. चांगली भाषा यशस्वी होतेच का? नाही. १९६० साली युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांनी मिळून अल्गॉल ६० ही भाषा सिद्ध केली. तिची रचना इतकी नेटकी होती की पुढे कितीतरी वर्षे गणनाच्या रीती छापायच्या झाल्या की तिच्यातच छापत. पण संगणकात माहिती घालायची कशी आणि उत्तर बाहेर काढायचे कसे, याची आज्ञाच तिच्या मूळ व्याख्येत नव्हती. घर सुंदर आणि दार बसवायचे राहिले, अशी गत झाली. रोजच्या कामात ती फारशी रुळली नाही. तिचे गुण मात्र पास्कल, सी अशा पुढच्या पिढीत उतरले.

मग यश कशाने येते? मला पाच गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट वाहनाची. भाषा कशाच्या तरी पाठीवर बसून गावोगाव जाते. फोर्ट्रान १९५७ साली आयबीएमच्या ७०४ या संगणकाबरोबर आली. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन वर्षे खपून असा कंपायलर तयार केला की, हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या जवळपास त्याचा वेग गेला. तो वेग पाहून संशय घेणारे गप्प झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा शास्त्रज्ञ पंच केलेली कार्डे घेऊन फोर्ट्रानमध्येच त्याच्याशी बोलत. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. १९७३ मध्ये युनिक्स ही प्रणाली तिच्यात पुन्हा लिहिली गेली, आणि युनिक्स ज्या विद्यापीठात पोचली तिथे सीही पोचली. जावास्क्रिप्टची गोष्ट तर मजेची आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. घाईच्या खुणा तिच्यात अजून दिसतात. पण प्रत्येक ब्राउझरने तिला आपल्या पोटात जागा दिली, त्यामुळे आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर ती आहे.

दुसरी गोष्ट किमतीची. १९८३ साली बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकायला काढले. त्या काळी अशी साधने शेकडो डॉलरला मिळत. पास्कल ही निक्लाउस विर्थ यांनी १९७० साली मुद्दाम शिकवण्यासाठी केलेली भाषा. स्वस्त साधन मिळताच ती घरोघर गेली. त्याच कंपनीच्या टर्बो सीचा निळा पडदा आपल्याकडच्या महाविद्यालयांत इतका रुजला की, जगाने तो सोडल्यावरही आपण बरीच वर्षे त्यालाच धरून बसलो. आज पायथनसकट बहुतेक भाषा फुकट मिळतात, त्यामुळे ही अडचण जवळजवळ संपली आहे.

तिसरी गोष्ट पुस्तकाची आणि शिक्षकाची. कर्निगन आणि रिची यांचे सी भाषेवरचे छोटेखानी पुस्तक १९७८ साली निघाले आणि त्याने जगाला सी शिकवली. आपल्या देशात मात्र सी घरोघर नेली ती एका नागपूरकराने. यशवंत कानेटकर हे मुंबईच्या व्हीजेटीआयमधून अभियंता झाले आणि कानपूरच्या आयआयटीत पुढचे शिक्षण घेऊन नागपूरला परतले. त्यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक साधे इंग्रजी, छोटी उदाहरणे आणि विद्यार्थ्याला परवडणारी किंमत, या जोरावर देशभर पसरले. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत संगणकाचा ढीग उपसला की त्याची एखादी आवृत्ती हाती लागतेच. भाषा अमेरिकेत जन्मली, पण तिला भारतात गुरू मिळाला म्हणून ती इथे रुजली. ज्या भाषेला गुरू नाही ती कितीही गुणी असली तरी परकीच राहते.

चौथी गोष्ट ग्रंथालयाची. हिच्यासाठी मी तुम्हाला पुन्हा आपल्याच रस्त्यावर आणतो. सुलतान बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे ग्रंथालय आहे. ते १९०१ साली स्थापन झाले, तेव्हा संस्थानात सरकारी मान उर्दूला होता. त्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते कोमर्राजू लक्ष्मणराव नागपुरात शिकले होते आणि मराठीत लेखन करण्याइतके मराठीत मुरलेले होते. त्यांनी तेलुगूत शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. पुढे १९०६ साली विज्ञान चंद्रिका मंडळी या संस्थेतून इतिहास-विज्ञानाची तेलुगू पुस्तके काढण्याच्या कामी पुढाकार घेतला. भाषेचा अभिमान बाळगला एवढ्याने भागत नाही, तिच्यात वाचायला, शिकायला आणि कामाला उपयोगी पडेल असे साहित्य साठवावे लागते, हे त्या पिढीने ओळखले होते.

संगणकाच्या जगातही 'लायब्ररी' हाच शब्द आहे. इतरांनी लिहून, तपासून ठेवलेले आणि आपल्याला उचलून वापरता येणारे प्रोग्रॅम म्हणजे त्या भाषेची लायब्ररी. पायथन १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी जगापुढे ठेवली. ती वेगाने धावणारी भाषा नव्हे. तरी आज विज्ञानात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत तिचे नाव अग्रभागी आहे, ते मुख्यत्वे तिच्या लायब्ररीमुळे. २००६ साली आलेल्या नमपाय या लायब्ररीचेच पाहा. वापरणारा पायथनमध्ये एक ओळ लिहितो, पण आकड्यांची अवजड ओझी आत सी आणि फोर्ट्रानमध्ये लिहिलेले जुने प्रोग्रॅम उचलतात. नव्याच्या पोटात जुने कसे काम करते, याचे हे चांगले उदाहरण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पावसाळ्याच्या अंदाजासाठी वापरतात ती संगणकीय प्रारूपे आणि आपल्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत समुद्राच्या अंदाजासाठी वापरतात ती प्रारूपे, यांचा मोठा भाग अजून फोर्ट्रानमध्येच आहे. कित्येक वर्षांची तपासलेली विद्या एका दिवसात टाकून देता येत नाही.

पाचवी गोष्ट पोटाची. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले आहेत, २००० साल उजाडले की ते १९०० समजले जाईल, अशी धास्ती जगभर पसरली. ते दुरुस्त करायला कोबोल येणारी माणसे हवी होती. मरायला टेकली असे ज्या भाषेविषयी म्हणत, तिचे वर्ग अमीरपेठेत भरू लागले. १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. त्यानंतर फलकांवर जावा, ओरॅकल, डॉट नेट अशी नावे आली. आता तिथे पायथन आणि डेटा सायन्स आहे. इमारती बऱ्याचशा त्याच राहिल्या, त्यांच्यावरच्या पाट्या मात्र बदलत गेल्या. आज सहावीत असलेले मूल नोकरीला लागेपर्यंत या पाट्या निदान एकदा तरी बदलतील, हे उघड आहे.

आपल्या घरातली गोष्ट

पालकहो, पाट्या बदलण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. या शहरातल्या मराठी घरांनी राज्याची भाषा एकदा नव्हे, अनेकदा बदलताना पाहिली आहे. १८८०च्या दशकात कचेऱ्यांतून फारसी गेली आणि उर्दू आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले. त्यासाठी दारुल तर्जुमा हा भाषांतराचा विभाग उघडून विज्ञान, वैद्यक, कायदा अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणली गेली. एका भारतीय भाषेत सगळे उच्च शिक्षण देता येते, हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले. त्याचबरोबर ज्या बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी, कानडी होती तिला आपली भाषा दाराबाहेर ठेवून आत जावे लागले, हेही खरे. १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्था त्याच काळातल्या. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि विद्यापीठाचे माध्यम पुढे इंग्रजी झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथेच राहिलो आणि राज्यकारभाराची भाषा तेलुगू झाली.

आता मघाच्या पाच गोष्टी इथे लावून पाहा. उस्मानियातल्या उर्दूला वाहन होते, पुस्तके होती, गुरू होते, नोकऱ्या होत्या. शास्त्र शिकवण्याच्या कामी ती भाषा कुठे उणी पडली म्हणून तिची जागा गेली, असे नाही. तिच्यामागचे राज्य गेले, आणि त्याबरोबर नोकऱ्यांचे दारही दुसरीकडे उघडले. म्हणजे भाषेचे यश हे पुष्कळदा भाषेच्या बाहेरच ठरते.

पण त्या वर्गांत शिकलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांचे शिक्षण वाया गेले का? घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना विचारा. ते त्रिकोणाला मुसल्लस म्हणत आणि चौरसाला मुरब्बा. पुढे त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी इंग्रजीत कचेऱ्या सांभाळल्या, मुलांना मराठीत गणित शिकवले. मुसल्लस म्हणा, त्रिकोण म्हणा, ट्रायंगल म्हणा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच भरते. ज्यांनी नुसते शब्द पाठ केले होते त्यांची पाटी बदलल्यावर अडचण झाली असेल. ज्यांना बेरीज १८० का येते हे कळले होते, ते तरले.

संगणकाचे 'मुसल्लस' कोणते? माहितीला नाव देऊन ठेवणे. अट घालून दोन वाटांपैकी एक निवडणे. तेच काम ठरावीक वेळा पुन्हा करणे. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडणे. चूक नेमकी कुठे आहे ते शोधणे. फोर्ट्रानपासून रस्टपर्यंत हे सगळीकडे आहे, फक्त शब्द वेगळे. हे एका भाषेत नीट बसले की दुसरी भाषा शिकायला पहिलीइतका वेळ लागत नाही. आणि पहिलीतच घोकंपट्टी झाली असेल तर दुसरी, तिसरी, चौथी लावूनही हाती काही लागत नाही.

मग शाळेत काय करावे?

माझे मत स्पष्ट मांडतो. विश्वस्त मंडळी आणि पालकांनी त्यावर जरूर विचार करावा.

सातवी ते नववीपर्यंत एकच भाषा शिकवावी, आणि ती आजच्या घडीला पायथन असावी. ती फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालते, तिची पहिली पायरी बुटकी आहे आणि चूक झाली की ती थांबून सांगते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीतही पूर्वी सी++ होती, तिथे आता पायथन आली आहे. म्हणजे पुढचा रस्ताही जोडलेला आहे. ज्यांना गोडी लागेल त्यांना दहावीनंतर थोडी सी दाखवावी, म्हणजे यंत्राच्या आत जागा कशी वाटली जाते ते डोळ्यांनी दिसेल. एका वर्षात तीन भाषा शिकवू, असे कोणी सांगितले तर नम्रपणे नको म्हणावे.

दुसरे, वर्गात स्पष्टीकरण मराठीत द्यावे. भाषेतले शब्द इंग्रजीच राहतील आणि ते तसेच राहू द्यावेत. पण 'हे का झाले?' हा प्रश्न आणि त्याचे उत्तर मुलाच्या तोंडून ज्या भाषेत सहज येते त्या भाषेत येऊ द्यावे. उत्तर आधी समजले की ते इंग्रजीत लिहायला मुलाला फार दिवस लागत नाहीत.

तिसरे, खर्चाचा प्रश्न आला की आधी शिक्षकाच्या तयारीवर आणि पुस्तकांवर खर्च करावा, मग नव्या यंत्रांवर. वर सांगितलेला इतिहास हेच सांगतो. कानेटकरांच्या पुस्तकाने जे केले ते नुसत्या नव्या खोलीने आणि वातानुकूलनाने झाले नसते.

यावर दोन आक्षेप येतील. एक पालक म्हणतील, "सर, तत्त्व ठीक आहे, पण नोकरी पाटीवरचे नाव बघून मिळते." यात तथ्य आहे. पहिली नोकरी अनेकदा तशीच मिळते, म्हणून शेवटच्या वर्षी बाजारात चालणारी भाषा जरूर शिकावी. ते काही महिन्यांचे काम आहे. पण बाराव्या वर्षी मुलाला बाविसाव्या वर्षाची पाटी शिकवण्यात अर्थ नाही. ती पाटी कोणती असेल हे आज कोणीही सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप मुलांचाच. "सर, आता एआयला सांगितले की तोच प्रोग्रॅम लिहून देतो. मग आम्ही कशाला शिकायचे?" बाळांनो, तो लिहून देतो हे खरे. पण मघाचे ०.१ आणि ०.२ आठवा. लिहून मिळालेल्या प्रोग्रॅमने पैशाचा हिशोब असाच केला असेल तर ते कोण ओळखणार? अकराव्या डब्यात हात घातला असेल तर ते कोण पकडणार? दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणाऱ्याने सही करण्याआधी तो वाचायचा असतो. लिहिणे सोपे झाले, म्हणून वाचता येण्याची गरज वाढली आहे. मी सुरुवातीला म्हटले होते की संगणकभाषेचा दुसरा वाचक माणूस आहे. ती जागा तुमची आहे. ती रिकामी सोडू नका.

स्वाध्याय

१. शाळेच्या संगणकावर ०.१ + ०.२ करून पाहा. मग हीच बेरीज पैशांत करा. दोन्ही उत्तरे वहीत लिहून फरकाचे कारण पाच ओळींत मराठीत लिहा.

२. ०.५ + ०.२५ करून पाहा. इथे उत्तर अचूक का येते? (सूचना: अर्धा आणि पाव हे दोनाने भागत गेल्यावर मिळतात.)

३. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा: आपण शाळेत कोणत्या भाषेत गणित शिकलात? त्यांना आठवणारे पाच शब्द लिहून आणा आणि त्यांच्यापुढे मराठी व इंग्रजी शब्द लिहा. निवडक याद्या पुढच्या अंकात छापू.

४. सुलतान बाजारातल्या एका दुकानात उभे राहून दुकानदार दहा मिनिटांत किती भाषा बोलला आणि कोणत्या कामासाठी कोणती वापरली, याचा तक्ता करा. दुकानदाराची परवानगी आधी घ्या.

५. पालकांसाठी: मुलाला क्लास लावण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारा. "तू लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये शेवटची चूक कोणती झाली आणि ती तुला कशी सापडली?" त्याने उत्साहाने सांगितले तर भाषा कोणतीही असो, शिक्षण नीट चालले आहे असे समजा. त्याला सांगता आले नाही, तर नवी भाषा लावण्याआधी शाळेत येऊन आम्हाला भेटा.